बिघाडांचे झाड

नवे विलायती इंजिन लाकडी खोक्यातून बाहेर निघून पुरता एक प्रहरही झाला नव्हता, तेवढ्यात आमच्या घरमालकांनी त्याचे डोके उघडून अंगणात जुन्या धोतरावर मांडले. व्हॉल्व्ह एका रांगेत, पिस्टन दुसऱ्या रांगेत, नट-बोल्ट पितळी परातीत. ज्यांनी या इंजिनासाठी आठ महिने मुंबईच्या बंदराकडे डोळे लावले होते ते नवाबसाहेब शेरवानीची सर्व बटणे लावून फाटकात उभे होते. इंजिनाच्या आगमनाप्रीत्यर्थ आणलेली मिठाई त्यांच्या नोकराच्या हातात तशीच राहिली.

"मिस्तरी, ये तो नया था!" नवाबसाहेबांच्या तोंडून एवढेच निघाले.

"हौ सरकार," घरमालक मान वर न करता म्हणाले, "उसीच के वास्ते खोला. नये का क्या भरोसा?"

मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभा होतो. एवढ्या मोठ्या माणसाला एवढ्या छोट्या माणसाने असे उत्तर दिलेले मी त्यापूर्वी ऐकले नव्हते. माझा हात आपोआप कठड्याकडे गेला.

येथे माझा परिचय देणे आवश्यक आहे. मी पेशाने अर्जनवीस, लोकांचे अर्ज लिहून देणारा. अदालतीच्या ओसरीत माझी बैठक गेली अनेक वर्षे आहे. शाळा चौथ्या इयत्तेपर्यंतच झाली. परंतु उर्दू मी स्वकष्टाने कमावली आणि माझे अक्षर पाहून कागद वर पाठवणारे अंमलदार या शहरात होऊन गेले आहेत. नारायणगुड्यात घरमालकांच्या मोटारदुरुस्तीच्या कारखान्यावर जी माडी होती, तीत मी नऊ वर्षे भाडेकरू होतो. त्यांना सर्वजण मिस्तरी म्हणत, मीही म्हणत असे. त्या नऊ वर्षांत या गृहस्थांनी मला किती वेळा हादरवले याची गणती नाही. आज पन्नाशीकडे झुकताना एखादा विचित्र माणूस आठवायचा म्हटले, की दुसरा कोणी डोळ्यांपुढे येतच नाही.

मिस्तरी परभणीकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. त्यांच्या वडिलांनी विहिरीवर ऑइल इंजिन बसवले आणि मुलगा जो त्याच्या शेजारी जाऊन बसला तो पुन्हा नांगराकडे फिरकला नाही. ठेंगणा बांधा, आखूड मान, आणि डोक्यावर लाल फेटा. हा फेटा मी कधी उतरलेला पाहिला नव्हता. मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणत की लग्नात बांधला तोच अजून सोडायचा राहिलाय. इंजिन तपासण्याची त्यांची रीत अशी: लांब पेचकसाचे एक टोक चालत्या इंजिनाला टेकवायचे, दुसरे दातांत धरायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. "कान खोटं बोलतात, मुन्शीजी," ते म्हणत, "दात नाही." तेल तपासायचे तर ते अंगठ्यावर घ्यायचे, उन्हात न्यायचे, हुंगायचे आणि, सांगताना अजूनही कसेसे होते, जिभेच्या टोकाला लावायचे.

या सर्वांहून विचित्र होता त्यांचा एक सिद्धांत. जी वस्तू आपल्या डोळ्यांदेखत एकदा बिघडली नाही, तिच्यावर ते भरवसा ठेवत नसत. नवा पंप आला की तो बिघडेपर्यंत चालवायचा. का बिघडला ते शोधायचे, दुरुस्त करायचे, आणि मग तो विश्वासास पात्र. जे मोडले ते टाकायचे नाही. अंगणात एक कडुलिंबाचे झाड होते. त्याच्या बुंध्यात खिळे ठोकून त्यांवर जळके व्हॉल्व्ह, तडकलेले पिस्टन, वाकलेल्या सळया तारेने टांगलेल्या असत. वारा सुटला की झाड किणकिणू लागे. गल्लीतल्या एका तेलुगू म्हातारीला हे कोणा देवीचे ठाणे वाटले. तिने एका सकाळी सर्वांत खालच्या पिस्टनला हळदकुंकू लावले. मिस्तरींनी ते पुसले नाही. "त्याला चाललं तर आपल्याला काय?" म्हणाले.

हा सिद्धांत यंत्रांपुरता राहिला असता तर मी काही म्हटले नसते. त्यांची मुलगी सुमन हिला पाहायला पहिले स्थळ आले ते महसूल खात्यातले कारकून. चहापोहे झाले. मुलाकडची वडीलधारी मंडळी माझ्याशी कायद्याच्या दोन गोष्टी बोलत होती. एवढ्यात मिस्तरींनी मुलाला विचारले, "आजवर तुमच्या हातनं काय मोडलं?"

"जी? काही नाही," मुलगा म्हणाला. त्याचे वडील कौतुकाने हसले.

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

मिस्तरी उठून कारखान्यात निघून गेले. स्थळ परत गेले. मावशी दोन दिवस बोलल्या नाहीत. महिन्याभराने दुसरे स्थळ आले, सरकारी बसवरचा ड्रायव्हर. त्यालाही तोच प्रश्न.

"डेपोची भिंत," तो मुलगा म्हणाला. त्याच्या काकांनी त्याला कोपराने ढोसले, तरी तो पुढे बोलला, "बस मागं घेताना. अर्धी पडली."

"कशानं?"

"आरशावर विसंबलो. मागं वळून बघितलं नाही."

"आणि आता?"

"आता उतरून बघतो, मामा."

"सुपारी फोडा," मिस्तरी म्हणाले.

मी त्या वेळी तक्क्याला टेकून बसलो होतो, तो सरळ झालो. भिंत पाडल्याच्या कबुलीवर मुलगी दिल्याचे उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

माझ्याविषयीही त्यांनी एकदा स्पष्ट सांगितले होते. मी सहज विचारले होते, की एवढ्या वर्षांच्या सहवासानंतर माझ्याबद्दल आपले मत काय. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले. "तुमचं काही बिघडलेलं मी अजून पाहिलं नाही, मुन्शीजी. मग मत कसं देऊ?" प्रतिष्ठित माणसाला असे ऐकवणे मला त्या वेळी अपमानास्पद वाटले होते.

जुने राज्य संपवायला फौज शहरात येणार अशी बातमी होती, त्या दिवसाचीही एक आठवण आहे. सगळे नारायणगुडा दारेखिडक्या लावून बसले होते. गल्लीत कुत्रेसुद्धा नव्हते. एकाएकी खाली धडाड धडाड असे तीन आवाज झाले. मी पलंगाखाली गेलो, हे कबूल करण्यात मला कमीपणा वाटत नाही. शेजारचे वकीलसाहेबही गेले होते. थोड्या वेळाने जिन्यावरून मिस्तरींचा आवाज आला, "मुन्शीजी, टायमिंग सापडलं!" तीन दिवस न सुरू होणारे एक इंजिन त्यांनी नेमक्या त्या दिवशी सायलेन्सर काढून सुरू केले होते. राज्य बदलत होते आणि हा मनुष्य काजळलेल्या तोंडाने आनंदाने उभा होता.

राज्य बदलले. जागिरी गेल्या. अदालतीत उर्दू अर्जांच्या शेजारी इंग्रजी टाइपरायटर खडखडू लागले आणि माझ्या ओसरीतली गर्दी विरळ झाली. नवाबसाहेबांच्या मोटारखान्यात बारा गाड्या होत्या, त्यांतली एक राहिली. याच सुमारास शहरातल्या काही शौकीन मंडळींनी व फौजी अधिकाऱ्यांनी मिळून ठरवले, की थंडीत मोटारींच्या शर्यती भरवायच्या. शहराबाहेर लढाईच्या काळातली एक विमानपट्टी ओसाड पडली होती. तिच्या दोन्ही टोकांना डांबराची पिंपे ठेवायची, त्यांना वळसे घालून तीस फेऱ्या. नवाबसाहेबांनी ठरवले, की राहिलेली एक गाडी त्यात धावलीच पाहिजे. जुन्या गाडीत नवे इंजिन बसवून. ते मला एकदा म्हणाले, "मुन्शीजी, मलकपेठ में हमारे घोड़े दौड़ते थे. लोगों को याद तो रहे के हम थे." त्यांची कळकळ मला समजली. माझ्याही ओसरीसमोरून लोक आता टाइपरायटरकडे जात होते.

शर्यतीच्या मंडळाची एक अट होती. प्रत्येक गाडीच्या चाचणीची लेखी नोंद दाखवावी लागे. मिस्तरींना सहीपुरतेच लिहिता येई. तेव्हा नवाबसाहेबांनी ती नोंदवही माझ्याकडे सोपवली. रोज संध्याकाळी मिस्तरींनी सांगायचे, मी लिहायचे. नव्या राजवटीतले माझे ते पहिले मानाचे काम होते.

दसऱ्यापासून चाचण्या सुरू झाल्या. रोज भल्या सकाळी गाडी विमानपट्टीवर जाई आणि मिस्तरी तिचे हाल करीत. एका प्लगची तार काढून तिला तीन सिलिंडरांवर पळवायचे. उकळेपर्यंत पळवून बंद करायचे आणि लगेच पुन्हा चालू करायचे. तेल अर्ध्यावर ठेवून किती फेऱ्यांत आवाज बदलतो ते ऐकायचे. तिसऱ्या दिवशी एक व्हॉल्व्ह जळाला. मिस्तरी खुशीत परतले.

"लिहा," ते म्हणाले, "आज व्हॉल्व्ह जळाला. चांगलं झालं."

हे वाक्य मी लिहावे? नोंदवही मंडळाकडे जायची, तेथे कर्नल-मेजर बसायचे. वरिष्ठांपुढे जाणाऱ्या कागदात अशुभ वार्ता उघडीवाघडी ठेवू नये, ही आमच्या पेशाची पहिली शिकवण. प्रथम गौरव, मग कुशल, आणि जे सांगायचे ते शेवटी, मऊ वस्त्रात गुंडाळून. मी लिहिले: 'इंजिनाने अपेक्षेनुरूप कार्य केले. किरकोळ देखभाल करण्यात आली.' पुढे वॉटर पंप फुटला, गॅस्केट उडाले, एक पिस्टन तडकला. लिंबावर टांगायला जागा पुरेना आणि माझी वही मात्र निष्कलंक राहिली. मिस्तरींना वाचता येत नव्हते. मंडळाच्या चिटणीसांनी वहीची प्रशंसा केली, ती मी मिस्तरींना सांगितली नाही, एवढा विनय मी दाखवला.

दिवाळी आली. सुमनचा पहिला दिवाळसण. जावईबापू आले, उटणे झाले, स्नान झाले. मावशींनी ओवाळले आणि आता सासरे काय देतात म्हणून सर्वजण पाहू लागले. अंगठी, घड्याळ, गेला बाजार एखादी धोतरजोडी. मिस्तरींनी कागदात गुंडाळलेला काळा चष्मा काढला, मोटारशर्यतीत डोळ्यांना बांधतात तो. "पाटावरून उठा जावईबापू," म्हणाले, "ऊन चढायच्या आत दहा फेऱ्या मारून येऊ."

"अहो, जेवण तरी!" मावशी ओरडल्या. "ताट वाढलंय जावयाचं!"

"भरल्या पोटी गाडी जड होते."

जावईबापू हसत उठले. जावयाला ताटावरून उठवून यंत्रावर बसवणारा सासरा मी पाहिला, आणि सुमनच्या चेहऱ्याकडे मात्र मला पाहवले नाही. ती निमूटपणे फराळाचा डबा भरायला गेली.

त्या दिवशी पट्टीवर, सुमनच्या व माझ्या देखत, मिस्तरींनी शर्यतीत गाडी चालवणाऱ्या या जावयाला एक खूण ठरवून दिली. "शर्यतीच्या दिवशी शंभर लोक हात हलवतील. हाताकडं बघू नका. माझ्या डोक्याकडं बघा. फेटा दिसला तर चालू द्या. बोडकं डोकं दिसलं तर इंजिन तिथंच बंद करा. विचारू नका, कामून म्हणून."

मला राहवले नाही. "मिस्तरी, हे काय अभद्र? घरात कोणी गेल्याशिवाय माणूस बोडका फिरत नाही. आणि नवाबसाहेबांसमोर उघड्या डोक्याने जाणे म्हणजे तर..."

"म्हणूनच," ते म्हणाले. "एरवी दिसायची नाही अशीच खूण पाहिजे."

शर्यतीच्या आदल्या दिवशी जावईबापू बसच्या कामगिरीवर होते, म्हणून शेवटची चाचणी मिस्तरींनी स्वतः घेतली. तीसच्या तीस फेऱ्या. परत येऊन त्यांनी गाडी अंगणात उभी केली. बोनेट उघडून त्यांनी थेंबभर तेल अंगठ्यावर घेतले आणि मावळतीच्या उन्हात धरले. बराच वेळ धरले.

"विसाव्या फेरीनंतर उत्तरेच्या वळणावर तेलाचा काटा पडायलाय," ते अखेर म्हणाले. "तेल तापून पातळ होतंय, वळणावर एका अंगाला जातंय, बेअरिंग कोरडं पडायलंय. तेलात एक कण चमकला. पण तो तेलातला की माझ्या डोळ्यातला, सांगता येईना."

"मग इंजिन उघडा."

"नवीन बेअरिंग हातात नसताना उघडून काय करू? धूळ जाईल." त्यांनी जुने एक बेअरिंग फडक्यात बांधले. "तारनाक्याला रेल्वेतला फिटर आहे, तो ओतून देईल. घासून बसवायला उद्याची दुपार होईल. तुम्ही नवाबसाहेबांना आत्ता पत्र लिहा. लिहा: उद्या गाडी काढू नका. विसाव्या फेरीनंतर बेअरिंग जाणार. बेअरिंग गेलं तर दांडा इंजिन फोडून बाहेर येणार, चाकं जाम होणार. माणूस जाणार."

एवढे सांगून ते सायकलीवर बसून गेले.

मी दिवा लावून बसलो. ते पत्र मला आजही तोंडपाठ आहे, कारण त्यावर मी फार मेहनत घेतली. नवाबसाहेबांसारख्या पुरुषाला, त्यांच्या आयुष्यातल्या कदाचित शेवटच्या मानाच्या दिवसाच्या पूर्वसंध्येला, मिस्तरीने 'काढू नका' अशी आज्ञा करावी? आणि 'माणूस जाणार'? माझ्या हयातीत मी वर जाणाऱ्या कागदात 'नका' हा शब्द लिहिला नव्हता. मी तीन पाने उर्दू लिहिली. पहिल्या पानावर घराण्याचा गौरव, दुसऱ्यावर गाडीचा, आणि तिसऱ्याच्या अखेरीस, सलामाच्या अगोदर, हे वाक्य: 'विसाव्या फेरीनंतर इंजिनास किंचित विश्रांती लाभल्यास ते हुजुरांच्या लौकिकास अधिक शोभून दिसेल.' नक्कल ठेवून घेतली आणि पत्र रवाना केले.

सकाळी नवाबसाहेबांची माणसे गाडी न्यायला आली. मला वाटले, पत्र वाचूनच त्यांनी निर्णय केला असेल. थोरांना थोरांचे गणित. मी किल्ली दिली, काळी शेरवानी घातली, नक्कल खिशात ठेवली आणि त्यांच्याच बरोबर विमानपट्टीवर गेलो.

जावईबापू रात्रपाळी संपवून डेपोतून परस्पर तिथे आले होते. सुमन डबा घेऊन शामियान्याच्या कडेला उभी होती. जावईबापूंनी मला विचारले, "मामा दिसत नाहीत. काही निरोप आहे का?"

मी म्हणालो, "सर्व लेखी कळवलेले आहे."

या चार शब्दांनी पुढे मला कित्येक वर्षे झोप लागू दिली नाही. त्या वेळी मात्र ते मला अत्यंत समर्पक वाटले. जावईबापूंनी मान डोलावली, काळा चष्मा बांधला आणि ते गाडीत बसले.

शर्यत सुरू झाली. सहा गाड्या, धुळीचा लोट, आणि लोकांचा असा गलका की कानठळ्या बसाव्यात. दहाव्या फेरीत आमची गाडी दुसरी होती, पंधराव्या फेरीत पहिली. नवाबसाहेब खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावले.

"मुन्शीजी, कल का ख़त... सुबहानअल्लाह! दो बार पढ़वाया मैंने."

मी कृतज्ञतेने झुकलो. मग सहज म्हणालो, "और हुज़ूर, वो बीसवें फेरे की बात?"

ते हसले. "अरे, जीतने के बाद आराम ही आराम है!"

त्यांना काहीच समजले नव्हते. तीन पाने वाचून, दोनदा वाचून, त्यांना काहीच समजले नव्हते. आणि ते समजू नये अशीच तर मी ती लिहिली होती. समोरून अठरावी फेरी गेली. मी बोलायला तोंड उघडले. 'हुज़ूर' एवढाच शब्द बाहेर आला. त्याच्या पुढचा साधा शब्द, थांबवा, मला कोणत्याही भाषेत सापडेना. अर्जावर अर्ज लिहिलेला माणूस मी, तेथे मुका उभा राहिलो. एकोणिसावी फेरी गेली.

मागे टांगा थांबला. कारखान्यात गाडी नाही हे पाहून तसेच निघालेले मिस्तरी उतरले, हातात फडक्याची गाठोडी. त्यांनी पट्टीकडे पाहिले, गाडी पाहिली.

"गाडी कोण चालवायलंय?"

"जावईबापू."

"तुम्ही लिहिलं नव्हतं?"

"लिहिलं होतं."

"काय लिहिलं होतं?"

मी ते वाक्य म्हटले. 'किंचित विश्रांती' येथपर्यंत पोचलो असेन. मिस्तरी माझ्यापुढे नव्हतेच. ते उत्तरेच्या पिंपाकडे धावत सुटले होते. पंचावन्न वर्षांचा ठेंगणा माणूस, एका हातात बेअरिंगची गाठोडी आणि दुसऱ्या हाताने डोक्यावरचा फेटा उलगडतो आहे, आणि ते लाल कापड मागे धुळीत फरफटत चालले आहे.

लोक हसू लागले. "अरे देखो रे, बुढ्ढे कू क्या हो गया!" "चाचा, पगड़ी गिरी!" मग वळणापाशी ते थांबले आणि पट्टीकडे तोंड करून सरळ उभे राहिले. पांढरे, बारीक केसांचे, कधीही ऊन न पाहिलेले डोके. हसू थांबले. हिंदूंना वाटले याच्या घरात कोणी गेले. नवाबसाहेब ताडकन उभे राहिले.

"नंगे सर? हमारे सामने?"

सुमनच्या हातातला डबा खाली पडला. त्या सबंध गर्दीत त्या खुणेचा अर्थ जाणणारी माणसे चारच होती: ती, मी, मिस्तरी, आणि धुळीच्या लोटातून एकविसाव्या फेरीचे वळण घ्यायला येणारा एकजण.

इंजिनाचा आवाज बंद पडला. गाडी नुसत्या वेगावर पिंपापर्यंत आली, वळली, आणि मिस्तरींपासून वीस पावलांवर थांबली. बाकीच्या गाड्या शेजारून निघून गेल्या.

सगळे तिकडे धावले. नवाबसाहेब सर्वांच्या पुढे होते. "हम आगे थे, मिस्तरी! नौ फेरे बाकी थे! ये क्या बदतमीज़ी है?"

मिस्तरी गाडीखाली शिरलेले होते. बाहेर आले ते वाटीभर तेल घेऊन. गरम होते, बोटे भाजत असावीत. "मुन्शीजी," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "कागद द्या."

"कोणता?"

"कोणता का असेना. पांढरा."

माझ्या खिशात पत्राची नक्कल होती. मी ती दिली. त्यांनी तो घडीचा कागद पसरला आणि माझ्या तीन पानांच्या मजकुरावर वाटीतले तेल ओतले. मग कागद उन्हात तिरका धरला.

तेल ओघळले आणि मागे राहिले ते चमकू लागले. चांदीच्या भुकटीसारखे बारीक, असंख्य कण. बेअरिंगचा पांढरा धातू झिजून तेलात उतरला होता. माझ्या सुवाच्य अक्षरावर, घराण्याच्या गौरवावर, लौकिकावर, सगळीकडे ते कण पसरले होते.

"इंजिनानं अर्ज केलाय," मिस्तरी म्हणाले. "वाचा."

मी वाकून तेलाखाली माझीच अक्षरे शोधू लागलो.

"इतकं सरळ लिहिलंय. तरी वाचता येईना?"

नवाबसाहेबांनी कागद स्वतःच्या हातात घेतला. शेरवानीच्या बाहीला तेल लागले, तिकडे त्यांचे लक्ष नव्हते. त्यांनी तो तिरका केला, पुन्हा सरळ केला. मग चष्मा काढून उभ्या असलेल्या जावईबापूंकडे आणि त्यांचे मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या असलेल्या सुमनकडे पाहिले. त्यांचा आवाज फार खाली गेला होता.

"मिस्तरी, सर ढाँक लो," ते म्हणाले. "अब ढाँक लो."

कागद त्यांनी मला परत दिला. ख़ताची पुन्हा तारीफ झाली नाही.

त्या दिवशी परतताना टांग्यात मिस्तरी, जावईबापू, सुमन आणि मी असे चौघे होतो. माझ्यावर कोणी रागावले नाही. राग सहन करण्याची माझी तयारी होती. मी माडीवर जाऊन सामान बांधून ठेवले. अशा घरात राहण्याचा मला अधिकार उरला नव्हता, एवढे मला समजत होते.

सकाळी ट्रंक घेऊन जिना उतरलो तेव्हा अंगणात ठोकण्याचा आवाज येत होता. मिस्तरी लिंबाच्या बुंध्यात खिळा मारत होते. जळका व्हॉल्व्ह आणि तडकलेला पिस्टन यांच्या मधोमध, तारेने ओवलेला, तो तेलकट कागद होता. रात्री मी तो कारखान्याच्या कट्ट्यावर विसरलो होतो. वाऱ्याने तो हलला की कण लुकलुकत. एवढ्या वर्षांच्या माझ्या पेशाचा शेवट असा, एका खिळ्यावर.

"कुठं चाललात?" मिस्तरींनी विचारले.

"मी जातो, मिस्तरी. आपण मला... माझ्यावर आता कोण भरवसा ठेवील?"

त्यांनी हातोडी खाली ठेवली. मला आपादमस्तक न्याहाळले, तसेच, जसे पूर्वी एकदा न्याहाळले होते. मग कोनाड्यातली नोंदवही काढून ती माझ्या ट्रंकेवर ठेवली.

"आधी कसा ठेवणार होतो? तुम्ही कधी बिघडलाच नव्हता," ते म्हणाले. "बसा. लिहा: काल दोन बिघाड निघाले. एक बेअरिंग, एक मुन्शी. बेअरिंग बदललं. मुन्शी चालू आहे."

मी ट्रंकेवर बसलो आणि जसे सांगितले तसे, एकही शब्द न बदलता, लिहिले.